सिझेरियनमधील स्पायनल भूल : रक्तदाब घसरण्याचा पूर्वअंदाज

सिझेरियनसाठी कमरेच्या मणक्यांमधून औषध देऊन छातीखालचा भाग बधिर केला, की काही मिनिटांतच आईचा रक्तदाब घसरू शकतो. हे कोणाच्या बाबतीत होईल, याचा भूल देण्याआधीच घेतलेला अदमास म्हणजे हा पूर्वअंदाज. प्रतिबंधक औषध दिले नाही, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांचा दाब उतरतो. वरचा दाब मूळच्या ८० टक्क्यांखाली गेला, की बहुतेक अभ्यास तो घसरला असे धरतात.

बुपिव्हाकेन हे मणक्यात दिले जाणारे बधिर करणारे औषध वेदनेच्या नसांबरोबरच रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर करते. धमन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचते. त्यात उताण्या स्थितीत गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. आईला मळमळते, गरगरते. पण खरा घोर बाळाचा असतो. वारेतला रक्तप्रवाह आईच्या दाबावरच चालतो आणि दाब बराच वेळ उतरलेला राहिला, तर बाळाच्या रक्तातली आम्लता वाढते.

अंदाजासाठी नाडीचा मूळ वेग, नाडीच्या ठोक्यांमधील अंतराची चढउतार, आडवे झोपल्यावर दाबात पडणारा फरक, सोनोग्राफीत दिसणारी मोठ्या शिरेची रुंदी असे बरेच काही तपासले गेले. त्यातला सर्वांत सोयीचा परफ्युजन इंडेक्स, म्हणजे बोटातला रक्तप्रवाह किती जोरकस आहे हे सांगणारा आकडा, कारण बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवरच तो दिसतो. आकडा मोठा असला, तर रक्तवाहिन्या आधीच सैल असल्याचा तो इशारा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासाने ३.५ ही सीमारेषा सुचवली. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. थंड हात, हालचाल, भीती यांनीही हा आकडा बदलतो, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भावस्थेत उच्च रक्तदाबासह होणारा विकार, असलेल्या स्त्रियांमध्ये दाब तुलनेने कमी घसरतो, ही नोंद अनेकांना अनपेक्षित वाटते.

म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्राने अंदाजाची वाट न पाहता रक्तवाहिन्या आवळणारे औषध सुरुवातीपासूनच नेमाने देण्याची शिफारस केली. फिनाइलेफ्रिनला त्यात पहिली पसंती आहे. भारतात मेफेंटरमिनही सर्रास वापरले जाते. सोबतीला सलाइन आणि आईला डावीकडे थोडे कलते ठेवणे. दाब दर मिनिटाला मोजत राहावा लागतो तो वेगळाच.