जिवंत असेपर्यंतच मोल

१६२३ साली अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत जहाजातून नवी माणसं उतरली, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायला भाकरीचा तुकडाही नव्हता. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवलंय, की आमच्याकडचं उत्तमातलं उत्तम म्हणजे लॉबस्टर किंवा मासळी, आणि वर झऱ्याचं पाणी. आज याच लॉबस्टरसाठी लोक खिसा रिकामा करतात. नोकरांना आठवड्यातून ठरावीक वेळाच लॉबस्टर वाढावा असे करार तेव्हा होत, हा किस्सा मात्र ऐकून सोडून द्यावा. तसा करार कुणाला सापडलेला नाही.

हा लॉबस्टर म्हणजे खेकड्याच्या जातकुळीतला, लांब शेपटीचा समुद्री जीव; पण आपली शेवंड नव्हे. शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात. याला दोन असतात, त्याही सारख्या नाहीत: जाडजूड नांगी कवचं फोडायची, सडपातळ नांगी मांस फाडायची. मूत्र तो डोळ्यांखालच्या छिद्रांतून सोडतो, आणि त्याच्या वासावरून समोरचा कोण ते दुसऱ्याला ओळखू येतं.

त्याचं नशीब मात्र पालटलं ते मेल्यावर तो झपाट्याने नासतो म्हणून. प्राण गेला की पचनग्रंथीतली अन्न पचवणारी विकरं (एन्झाइम) बाहेर झिरपतात, मांस पिठूळ होतं आणि जिवाणूंचं फावतं. त्यामुळे पूर्वी तो किनाऱ्यापुरताच राहिला. १८४०च्या दशकात मेन राज्यात तो उकडून डब्यात भरायला लागले, आणि ज्यांनी समुद्रही पाहिला नव्हता त्यांच्या ताटात तो पोचला. पुढे रेल्वे आणि बर्फ आल्यावर तो जिवंतच शहरांत जाऊ लागला. थंडाव्यात कल्ले ओले राहिले, तर पाण्याबाहेरही तो दिवसभर सहज तगतो. न्यूयॉर्कच्या श्रीमंत हॉटेलांनी त्याला साय आणि मद्यात घोळवलं, तिथून तो गरिबांचा राहिला नाही.

जिवंतपणी त्याचा रंग काळपट निळा-हिरवा. अॅस्टाझँथिन हे मुळातलं लाल रंगद्रव्य कवचात एका प्रथिनाला जखडलेलं असतं, म्हणून ते निळसर दिसतं. उकळत्या पाण्यात प्रथिन मोडतं आणि लाली सुटते.

जिवंत उकळण्यावर स्वित्झर्लंडने २०१८ साली बंदी घातली. आधी त्याला बेशुद्ध करावं लागतं. डोक्यात सुरी खुपसली की झालं, असं काही आचारी समजतात. पण त्याची चेतासंस्था पोटाकडच्या बाजूने शेपटीपर्यंत गाठीगाठींनी पसरलेली असते. एका घावात ती सगळी बंद पडत नाही. म्हणून विजेचा झटका देणारी यंत्रं आता काही स्वयंपाकघरांत दिसू लागली आहेत.