पडवीतला कुत्रा इंग्रजी कधी शिकला?

देवबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या लॅब्रॅडोरला घेऊन येतात. बायकोशी मालवणीत बोलतात, मासळीवालीशी मालवणीत घासाघीस करतात, फोनवर मुंबईच्या भावाशी मराठीत बोलतात. कुत्र्याशी मात्र इंग्रजी. ‘सिट. सिट! रे, सिट म्हटलंय मां तुका!’ कुत्रा बसतो तो बहुधा या शेवटच्या वाक्याला. शब्द कळल्यामुळे नव्हे, आवाज चढला म्हणून. कोकणातल्या कुठल्याही गावात आज हेच ऐकू येतं. गुरांना, मांजराला, कोंबड्यांना आपण आपल्या बोलीत हाकारतो आणि एकट्या कुत्र्यासाठी साहेबाची भाषा काढतो. हा प्रकार इथवर कसा पोचला, त्याची हकिकत बरीच लांबून येते.

माझ्या आजीला कुत्र्यासाठी तीनच शब्द ठाऊक होते. ‘यू-यू’ म्हणजे ये, ‘हाड’ म्हणजे जा आणि ‘छू’ म्हणजे धर त्याला. पहिला शब्द रोज दुपारी मागीलदारी निघायचा, हातात उरलेला भात आणि बांगड्याची डोकी घेऊन. कुत्रा पार खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात असला तरी कान मागे टाकून धावत यायचा. हाक मारल्यावर आला नाही असा दिवस मला आठवत नाही. आजच्या ट्रेनिंगमधली सगळ्यात अवघड मानली जाणारी गोष्ट तीच, हाकेसरशी परत येणं, आणि ती मूठभर भातावर झाली होती.

त्याचं काम ठरलेलं होतं. रात्री भुंकायचं, केळीतून केलडी, म्हणजे माकडं हुसकायची आणि पाऊस सरला की पारधीला जायचं. हाकारे एका बाजूनं ओरडत यायचे, कुत्री झुडपांच्या जाळीत शिरून डुक्कर उठवायची, आणि नवं पोर जसं जुन्या माणसामागून शिकतं तसं नवं कुत्रं जुन्या कुत्र्यामागून शिकायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, निदान कागदावर. त्याबरोबर कुत्र्याला माणसाच्या सोबतीनं काम करायला लावणारा गावातला एकमेव शिरस्ताही गेला. उरला तो भुंकणारा कुत्रा.

उंबरठ्याच्या आत त्याला जागा नव्हती. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे वेदांचं रूप म्हणून माजघराच्या भिंतीवर चालत, भैरवाचं वाहन म्हणून देवळात चालत, पण हाडामांसाचा कुत्रा पडवीच्या आत नको. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्याचा पुतळा आहे. तो १९३६ मधला, त्याला होळकरांनी पैसे दिले. समकालीन कागदपत्रांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही, यावरून २०१२ मध्ये तो काढला गेला आणि पुन्हा बसवलाही गेला. वाद काही मिटलेला नाही. मला त्यात रस वेगळ्या कारणानं आहे: इमानी कुत्र्याची गोष्ट आपल्याला इतकी हवीशी वाटते, पण त्या इमानी कुत्र्याला रोज काय खायला घालायचं, कसं शिकवायचं, याबद्दल आपण काही लिहून ठेवलेलं फार कमी.

अगदीच नाही असं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ आहे, म्हणजे शिकारी कुत्र्यांची करमणूक. पण ती विद्या राजवाड्यातली, ती काही मागीलदारच्या भाताच्या पातेल्यापर्यंत उतरली नाही.

आज आपण ज्याला श्वानप्रदर्शन म्हणतो ते इंग्लंडमधलं. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातीच होत्या. लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये झाला आणि वंशावळीची नोंद, जातीचे निकष, परीक्षकाचा अधिकार हे सगळं त्यातून पक्कं होत गेलं. त्याच काळात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली. धक्क्यावर खलाशांनी टाकलेली कडक जहाजी बिस्किटं कुत्री खाताना बघून त्याला कल्पना सुचली म्हणतात. त्याच्याकडे नोकरीला लागलेला चार्ल्स क्रफ्ट नावाचा पोरगा बिस्किटं खपवता खपवता प्रदर्शनं भरवू लागला आणि १८९१ पासून त्याच्या नावाचं प्रदर्शन सुरू झालं. ते आजही भरतं. म्हणजे शोचा कुत्रा आणि पाकिटातलं खाणं एकाच दुकानातून निघालेत. कणकवलीच्या दुकानात तीनशे रुपयांचं पाकीट घेताना मला हे हटकून आठवतं.

प्रदर्शनात कुत्रा कसा दिसतो ते बघत. तो सांगितलेलं ऐकतो का, ही चौकशी जर्मनीत सुरू झाली. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झनं जर्मन शेफर्डचा क्लब काढला तो नुसत्या रूपासाठी नव्हे, कामासाठी. पोलिसांची कुत्री शिकवणाऱ्या कोनराड मोस्टनं १९१० मध्ये प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. कुत्र्याची चूक झाली त्याच क्षणी पट्ट्याला हिसका आणि बरोबर वागला की लगेच शाबासकी, हा त्याचा हिशोब. क्षण साधण्याचं महत्त्व त्यानं फार लवकर ओळखलं होतं. पण पुढे लष्कर आणि पोलीस यांच्यामार्फत जगभर पोचला तो मुख्यतः हिसका.

घरच्या कुत्र्यांसाठी आज्ञापालनाची स्पर्धा सुरू केली एका बाईनं. अमेरिकेत हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे पूडल होते आणि हे कुत्रे नुसते नटवे नाहीत हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. १९३३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कजवळ पहिली चाचणी घेतली, तीन वर्षांत अमेरिकन केनेल क्लबनं ती स्वीकारली. डाव्या पायाशी चालणं, बसून राहणं, पडून राहणं, हाकेला येणं, वस्तू आणून देणं: आपल्याकडे ट्रेनर महिन्याच्या कोर्समध्ये जे शिकवतो ते थेट या यादीतलं.

यातलं ‘डावीकडे’ आमच्याकडे जरा नडतं. बंदूक उजव्या हाताला, म्हणून कुत्रा डावीकडे, असं त्याचं कारण सांगतात. कोकणातल्या रस्त्याला फुटपाथ नाही. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून शहाणा माणूस उजव्या कडेनं चालतो, आणि मग डाव्या हाताचा कुत्रा बरोब्बर डंपरच्या बाजूला येतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर डावी बाजू शिकवावीच लागते. नसेल, तर दोन्ही बाजूंना चालायला शिकवा आणि रस्त्यावर गटाराकडची बाजू त्याला द्या.

आपल्याकडे या सगळ्यासकट शब्द आले ते साहेबाच्या बंगल्यातून, लष्करातून आणि पोलिसांच्या श्वानपथकांतून. नावंही तशीच आली. गावात जर्मन शेफर्डला अजून ‘अल्सेशियन’ म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना ‘जर्मन’ शब्द नकोसा झाला म्हणून त्यांनी हे नाव पाडलं, आणि १९७७ मध्ये त्यांच्या केनेल क्लबनं जुनं नाव परत घेतलंही. आपण मात्र इंग्रजांचा राग अजून सांभाळून आहोत. गावात ज्याला ‘पामेरियन’ म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. २००३ मध्ये एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि तो गावोगाव पोचला, त्या चपट्या नाकानं दमट उन्हाळ्यात श्वास कसा घ्यायचा याचा विचार कुणी केला नाही. पोलिसांच्या कुत्र्याची खरी इज्जत वाढली ती १९९३ मध्ये, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी. स्फोटकांचा काही साठा आमच्याच किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीला उतरला होता. मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या लॅब्रॅडोरनं त्या काळात ३,००० किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. त्याचं शिक्षण पुण्यातलं.

हिसक्याचा हिशोब बदलला तो मात्र प्रयोगशाळेतून आणि समुद्रातून. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये एका लेखात साध्या माणसाला सांगितलं की खाऊ आणि एक ठरलेला आवाज एवढ्यावर घरच्या प्राण्याला शिकवता येतं. ‘टक्’ आवाज झाला की खाऊ मिळतो हे एकदा कळलं, की नेमक्या क्षणावर बोट ठेवता येतं. कॅरन प्रायर या बाईंनी तेच डॉल्फिनवर शिट्टीनं केलं. करावंच लागलं. मालवणी माणूस ज्याला गादा म्हणतो, त्याच्या गळ्यात पट्टा घालून हिसका देणार कसा? तो नाराज झाला की सरळ पोहत निघून जातो. त्यांचं १९८४ चं पुस्तक कुत्रेवाल्यांनी उचललं आणि शिट्टीच्या जागी क्लिकर, म्हणजे दाबलं की ‘टक्’ वाजणारी डबी आली.

जुनी पद्धत तरी सुखासुखी गेली नाही. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा अभ्यास केला होता. त्यातून ‘अल्फा’ची कल्पना पसरली: कुत्रा कळपाचा म्होरक्या व्हायला बघतो, त्याला दाबून ठेवा. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकानं १९७० च्या पुस्तकात ती मांडली आणि १९९९ मध्ये स्वतःच सांगितलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी मारामारी नसते. आमच्याकडे दहा वर्षांपूर्वी आलेल्या एका ट्रेनरला हे पोचलेलं नव्हतं. ‘मालक कोण ते त्याला कळू दे’ म्हणून त्यानं चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी ओढली, आणि माझी शांत कुत्री पुढचे सहा महिने साखळीचा खुळखुळाट ऐकला की पलंगाखाली जायची. दोष माझाही. दोरी मीच त्याच्या हातात दिली होती.

लॅब्रॅडोरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर आता तोच सगळ्यात जास्त दिसतो. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. गार पाण्यात उडी मारून जाळ्याचे दोर आणि निसटलेले मासे ओढून आणणं हा त्यांचा धंदा. म्हणून अंगावर दुहेरी केस, आतली लव दाट आणि तेलकट. ते थंडीसाठी उत्तम. मालवणच्या जुलैत तीच लव आठवडाभर ओली राहते, कातडीला कुबट वास येतो, कानात बुरशी धरते आणि शेपटीच्या मुळाशी लाल चट्टा उठतो. पावसाळ्यात रोज आंघोळ नको, रोज कोरडं पुसणं हवं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत आधी. समुद्रावरून आल्यावर गोडं पाणी ओतायचं आणि पुन्हा कोरडं करायचं. खादाडपणाही रक्तातला. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडोरांत भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडा गळालेला सापडला. खाऊवर तो पटापट शिकतो आणि तितक्याच पटापट फुगतो.

हा कोळ्याचा कुत्रा रापणीपाशी आला की त्याला गावी आल्यासारखं होतं. जाळं वाळूवर ओढलं जातं, बांगडे-तारल्या टोपलीत जातात आणि नको ते मासे तिथेच फेकले जातात. त्यात केंड असतो. पोट फुगवून पडलेला हा मासा कुत्र्याला चेंडू वाटतो, आणि त्याचं विष जीव घेतं. शिंगाळ्याचा काटा टाळूत घुसला तर तो काढायला डॉक्टरच लागतो. म्हणून ‘सिट’ नंतर शिकवलं तरी चालेल, ‘सोड’ आधी शिकवा. बंद मुठीत सुकट धरायची, त्यानं चाटून, नखं मारून तोंड मागे घेतलं की त्याच क्षणी ‘सोड’ म्हणायचं आणि दुसऱ्या हातातून चांगला घास द्यायचा. आठवड्याभरात उघड्या तळव्यावर, मग जमिनीवर, मग वाळूत. मी हा शब्द मुद्दाम मराठीत ठेवलाय. रापणकार लांबून ओरडला तरी कुत्र्याला कळायला हवा.

निगेची बाकी परंपरा पिसाळलेल्या कुत्र्याच्या, म्हणजे रेबीजच्या भीतीतून आली. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून पारशांनी दंगल केली होती. ते कुत्र्याला पवित्र मानतात. पाश्चरची लस १८८५ ची, पण आमच्या पिढीच्या लक्षात आहेत ती पोटातली चौदा इंजेक्शनं. ती कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये तयार केलेल्या लसीची, आणि या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती चालू होती. त्या धास्तीनं कित्येक घरांनी कुत्रा चावला की गावठी औषधवाल्याची वाट धरली. आता लस दंडात देतात. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. कुत्र्याला वर्षाची लस चुकवायची नाही, आणि उंदीर व साचलेलं पाणी असलेल्या आमच्या भागात लेप्टोची लसही डॉक्टरांना विचारून घ्यायची.

हा डॉक्टर मुळात गुरांचा. मुंबईला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची घडण बैल-म्हशींच्या हिशोबानं झाली. तिथे कुत्रा टेबलावर शांत उभा राहिला तर तपासणी होते, नाहीतर तोंड बांधून अंदाजानं सुई. शोवाल्यांची एक गोष्ट इथे फार कामाला येते. रिंगमध्ये परीक्षक ओठ वर करून दात बघतो, पाय उचलतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि कुत्रा दगडासारखा उभा असतो. यासाठी पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून रोज दोन मिनिटं हाताळलेलं असतं.

आमच्या सध्याच्या गावठी कुत्रीला मी तसंच हाताळलं. ती रात्री घरात झोपते. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट, आणि आमच्या वाडीत त्याला ‘वाघ’ म्हणतात ते उगाच नाही. जूनपासून गोचिडांचा हंगाम. दोडामार्गात माकडताप आल्यापासून गोचीड म्हटलं की लोक दचकतात. त्या तापाची रानातली गोचीड वेगळी, कुत्र्यावरची तपकिरी वेगळी. पण तपकिरीही कुत्र्याला ताप आणून पांढरं पाडते. संध्याकाळी दिव्याखाली चटईवर बसलो की कुत्री पुढ्यात येऊन आडवी होते. आधी कान, मग गळपट्ट्याखालची जागा, मग बोटांच्या बेचक्या. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही, रॉकेलच्या वाटीत टाकायची. शेवटचा पंजा झाला की ती तो स्वतःच मागे घेते आणि स्वयंपाकघराकडे बघते. आतून भाताचं पातेलं वाजतं, आणि कुणीतरी ‘यू-यू’ म्हणतं.