पेशीतले जिवाणू आणि चमकणारी प्रथिने: जनुक ठेवायचे कुठे?

पेशीत शिरून राहणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः मोजणीवर चालत असे. संसर्ग झालेल्या पेशींवर जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालायचे. ते पेशीच्या आत फारसे शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे जिवाणू मरतात आणि आतले वाचतात. मग पेशी फोडायच्या, द्राव अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर, पसरायचा आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. ही पद्धत आजही रोजच्या वापरात आहे. पण ती फक्त बेरीज सांगते. संसर्गानंतर दोन तासांनी आणि सोळा तासांनी आकडा सारखाच आला, तर सगळे जिवाणू नुसते पडून होते, की निम्मे मेले आणि उरलेले दुप्पट झाले, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाचे, म्हणजे जीएफपीचे, जनुक 1994 मध्ये ई. कोलायमध्ये चमकले आणि वर्षा-दोन वर्षांत मायकोबॅक्टेरिया, साल्मोनेला, येर्सिनिया या जिवाणूंपर्यंत पोहोचले. 1996 मध्ये 488 नॅनोमीटरच्या लेसरवर उजळणारी त्याची सुधारित रूपे फ्लो सायटोमीटरने, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राने, निवडून काढली गेली. ई. कोलायमध्ये त्यांची चमक मूळ प्रथिनाच्या सुमारे 100 पट होती. लगेच पुढच्या वर्षी याच रूपांच्या बळावर एक देखणा प्रयोग झाला. साल्मोनेलाच्या डीएनएचे तुकडे प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) नसलेल्या जीएफपी जनुकापुढे जोडले, मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशींमध्ये, चमकणारे जिवाणू वेचले आणि त्यांतले साध्या माध्यमात अंधारे राहणारे तेवढे ठेवले. अशी 14 जनुके सापडली, जी जिवाणू मॅक्रोफेजमध्ये गेल्यावरच जागी होतात. पेशीच्या आत जिवाणू काय करतो, हे त्याच्याकडूनच कळण्याची ही खरी सुरुवात होती.

हे सारे प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, चालले होते आणि वाद तिथेच उभा राहिला. प्लाझ्मिडच्या एकेका जिवाणूत अनेक प्रती असतात, म्हणून चमक भरपूर मिळते आणि काम चार दिवसांत उरकते. पण प्लाझ्मिड टिकवून ठेवायला प्रतिजैविकाचा दाब लागतो. मॅक्रोफेजमधल्या ज्या पोकळीत जिवाणू राहतो तिथे, आणि त्याहून अधिक जिवंत उंदराच्या प्लीहेत, तो दाब नीट राहत नाही. जिवाणू विभागत जातात तसे काहींचे प्लाझ्मिड गळते आणि ते अंधारे होतात. सर्वांत जास्त वेळा विभागलेल्यांना ते गमावण्याची संधीही सर्वांत जास्त. म्हणजे जे सर्वांत यशस्वी, तेच मोजणीतून निसटण्याचा धोका. शिवाय प्रथिनाचा ढीग तयार करण्याचा भार जिवाणूवर पडतो. फार जास्त जीएफपी बनवणारा साल्मोनेला उंदरात कमजोर पडतो, हे 2002च्या सुमारास स्पष्टपणे दाखवले गेले.

दुसरा पक्ष म्हणे, जनुकाची एकच प्रत गुणसूत्रात बसवा. ती गळत नाही, भारही कमी. मायकोबॅक्टेरियात यासाठी फेज (जिवाणूंना लागणारा विषाणू) गुणसूत्रात जिथे जोडला जातो त्या स्थळाचा उपयोग होई. अडचण उजेडाची होती. एका प्रतीची चमक मंद, आणि यजमान पेशीची स्वतःची हिरवी झाक तिला सहज झाकून टाकते. त्यावर रायबोसोमच्या जनुकांचे दणकट प्रवर्तक वापरले गेले. पण हे प्रवर्तक वाढत्या जिवाणूतच जोरात चालतात, म्हणून थांबलेला जिवाणू पुन्हा अंधुकच. दोन्ही बाजूंना त्रुटी होत्या हे खरे. तरीही मला गुणसूत्राची बाजूच सरस वाटते. तिथली चूक सर्व जिवाणूंना सारखी लागू होते, म्हणून ती ओळखता येते. प्लाझ्मिड कोणी गमावले हे मात्र त्या जिवाणूच्या इतिहासावर ठरते. जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने सगळे जिवाणू वेगळे रंगवून अंधाऱ्यांचे प्रमाण तपासणे हा त्यावरचा साधा उपाय होता. तो जिथे केला नाही, तिथल्या टक्केवाऱ्या जपूनच वाचाव्यात.

2010 मध्ये या वादाला वेगळे वळण मिळाले. जिवाणू आधी एका रंगाच्या प्रथिनाने भरून घ्यायचे आणि मग त्याचे उत्पादन बंद करायचे. प्रत्येक विभागणीला ती चमक निम्मी होते. दुसरा रंग कायम चालू ठेवायचा, म्हणजे जिवाणू नजरेतून सुटत नाही. ही मांडणी प्लाझ्मिडवरच होती, पण इथे प्रथिनाचे टिकाऊपणच कामी आले. मॅक्रोफेजमधले बरेच साल्मोनेला मुळीच विभागत नाहीत, हे यातूनच दिसले, आणि अशा न वाढणाऱ्यांवर प्रतिजैविके लागू पडत नाहीत हे 2014 मध्ये. त्याच वर्षी हिरव्याकडून लालकडे सरकणारे प्रथिन वापरून उंदराच्या प्लीहेतले संथ आणि वेगवान साल्मोनेला वेगळे करता आले.

प्रवाळातून आलेल्या लाल प्रथिनांचा आणखी एक फायदा झाला. आम्ल पोकळीत हिरवी चमक मावळू शकते, पण 2004चे एमचेरी हे लाल प्रथिन आम्लात टिकते. प्राणवायूची गरज मात्र दोघांनाही आहे, त्यावाचून त्यांचा चमकणारा गाभा तयारच होत नाही. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाठींत अंधारा जिवाणू म्हणजे निष्क्रिय जिवाणू, असे धरून चालत नाही.

पेशीबाहेर वाढतच नाही अशा क्लॅमिडियात हे सर्व फार उशिरा आले. त्यात बाहेरचे जनुक टिकाऊपणे घालणे 2011 मध्ये साधले, तेही त्याच्याच नैसर्गिक प्लाझ्मिडला जीएफपी आणि पेनिसिलिनरोधक जनुक जोडून.