शेजाऱ्याच्या रानातून आलेली धूळ

अमेरिकेतल्या महामंदीचा विषय निघाला की न्यूयॉर्कचा शेअर बाजार आठवतो, बुडालेल्या बँका आठवतात, फुकट जेवणासाठी लागलेल्या रांगा आठवतात. माझ्या मते १९३० च्या त्या दशकातलं सर्वांत खोल नुकसान मात्र मातीचं होतं. बाजार सावरला, बँका पुन्हा उभ्या राहिल्या. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको जिथे एकमेकांना भिडतात, तिथला धुळीच्या वादळांत उडून गेलेला सुपीक थर पुन्हा घडायला शेकडो वर्षं लागतात.

हा मुलूख मुळात गवताचा. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. वारा मात्र सदाचा. बफेलो आणि ग्रामा या बुटक्या गवतांनी मुळांचं दाट जाळं विणून ती माती धरून ठेवली होती. दुष्काळात गवत वर वाळायचं, पण मुळं जागची हलत नसत.

मग पहिलं महायुद्ध आलं. रशियाचा गहू युरोपात पोचेना, आणि अमेरिकी सरकारने बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, दोन डॉलरच्या वर भाव बांधून दिला. युद्धानंतर भाव उतरला, पण तोवर ट्रॅक्टर, कम्बाइन हार्वेस्टर आणि तव्यांचा नांगर आला होता. तव्यांचा नांगर झपाट्याने चालतो, पण ढेकळं फोडून माती भुसभुशीत करतो. १९२५ ते १९३० या काळात दक्षिणेकडच्या मैदानांत ५० लाख एकरांहून जास्त गवताळ जमीन नव्याने मोडली गेली. शहरात राहणारे नोकरदार आणि व्यापारीही येऊन पेरणी करून जात आणि थेट कापणीलाच उगवत. त्यांना लोक ‘सुटकेसवाले शेतकरी’ म्हणत. पाऊस बरा होता, बँका कर्ज देत होत्या. सगळं ठीक चाललंय असंच कोणालाही वाटलं असतं.

ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला. १९३१ साली गहू उदंड पिकला आणि भाव ४० सेंटच्या आसपास आला. भाव पडला तर पेरा कमी करावा, हे कागदावर बरोबर आहे. पण ट्रॅक्टरचा हप्ता आणि जमिनीवरचं कर्ज डॉलरमध्ये ठरलेलं होतं, ते कमी झालं नाही. तेवढेच डॉलर उभे करायचे तर जास्त गहू हवा, म्हणून आणखी जमीन नांगराखाली गेली. पुढे पाऊस दडी मारून बसला, पीक उगवलंच नाही, आणि लाखो एकर माती उघडी पडली.

वारा माती उचलतो कसा, हे नीट समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. अगदी बारीक धूळ वाऱ्याला सहज उचलता येत नाही. तिचे कण एकमेकांना चिकटून असतात, आणि जमिनीला अगदी लागून वाऱ्याचा वेग नगण्य असतो. आधी हलतात ते मधले कण, मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे. ते उसळी घेतात, वाऱ्याबरोबर थोडं पुढे जातात आणि तिरके येऊन आदळतात. त्या माऱ्याने खालची बारीक धूळ सुटते आणि आकाशात चढते. शिवाय आदळणारा कण आणखी काही कणांना उसळायला लावतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जितकी सलग उघडी जमीन, तितका मारा वाढत जातो. उडून जाते ती नेमकी बारीक माती, आणि पिकाला लागणारी बरीचशी अन्नद्रव्यं तिच्यातच असतात.

मे १९३४ मधल्या वादळाची धूळ न्यूयॉर्क ओलांडून अटलांटिकमधल्या जहाजांवर पडली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी काळ्या धुळीची भिंत मैदानांवरून सरकत गेली आणि भर दुपारी अंधार झाला. बायका ओल्या चादरी खिडक्यांना लावत, ताटं वाढण्याच्या क्षणापर्यंत पालथी ठेवत. कण एकमेकांवर घासून इतकी वीज साठायची की मोटारी बंद पडत, म्हणून लोक गाडीमागे साखळी ओढत नेत. लहान मुलं धुळीच्या न्यूमोनियाने दगावली.

यात शेतकरी मूर्ख नव्हता, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. त्याचं शेत अनेकदा १६० किंवा ३२० एकरांचं, म्हणजे त्या कोरड्या मुलखात पोटापुरतंच. त्याने निम्मं रान पडीक ठेवलं, धसकटं तशीच उभी राखली, तर उत्पन्न बुडणार त्याचं आणि फायदा होणार वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या शेजाऱ्याचा. आणि वारा जिकडून येतो तिकडच्या शेजाऱ्याने काहीच केलं नाही, तर त्याच्या रानातले उसळते कण याचंही शेत फोडणार. एकट्याने शहाणं होऊन भागत नव्हतं.

हे ओळखणाऱ्यांत सरकारी मृदातज्ज्ञ ह्यू हॅमंड बेनेट पुढे होते. १९०५ मध्ये व्हर्जिनियातल्या लुइझा काउंटीत जमिनीची पाहणी करताना त्यांना शेजारी शेजारी दोन तुकडे दिसले. एका तुकड्यावर जंगल आणि हाताने उकरता येईल अशी मऊ, ओलसर माती. दुसरा वर्षानुवर्षं कसलेला, कडक चिकणमातीचा. मूळ खडक एकच, उतारही सारखाच. वरचा थर पावसाने पातळ पातळ करून धुऊन नेला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं मृदा खातं मात्र १९०९ मध्येही माती हे न संपणारं धन असल्याचं छापत होतं. बेनेट पुढची पंचवीस वर्षं त्याविरुद्ध बोलत राहिले. अखेर एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि नव्या खात्याची सूत्रं त्यांच्याकडे आली.

उताराला आडवी नांगरट, बांध, पट्टा पेर, धसकटं राखणं हे उपाय लोकांना ठाऊक झाले. नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत १९४२ पर्यंत २० कोटींहून जास्त झाडं वाऱ्याला आडवी लावली गेली. सर्वांत उजाड जमिनी सरकारने विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या. कॅन्ससमधलं सिमरॉन कुरण त्यातलंच. पण माझ्या दृष्टीने खरी सुधारणा १९३७ ची. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला, त्यात शेतकऱ्यांनी मतदान करून मृदसंधारण जिल्हे स्थापायचे होते. पहिला जिल्हा बेनेट यांच्या जन्मगावच्या अॅन्सन काउंटीत झाला. निर्णयाचा आवाका शेतावरून परिसरावर गेला, वारा ज्या आवाक्यात काम करतो तिथवर.

दुष्काळाचं मूळ कारण मात्र समुद्रात होतं. २००४ मधल्या नासाच्या संगणकीय अभ्यासात दिसलं की उष्णकटिबंधीय प्रशांत महासागर नेहमीपेक्षा किंचित थंड आणि अटलांटिक किंचित उबदार असल्याने मैदानांकडे येणारं बाष्प रोडावलं होतं. पुढच्या अभ्यासांनुसार हवेतल्या धुळीनेच तो दुष्काळ आणखी तीव्र केला. १९५० च्या दशकात तिथे पुन्हा कडक दुष्काळ पडला. धूळ उडाली, पण १९३० च्या दशकासारखा हाहाकार झाला नाही.

त्याच सुमाराला खोल विहिरींवर पंप बसले आणि ओगालाला या प्रचंड भूजलसाठ्याचा उपसा सुरू झाला. साठा सगळ्यांचा, विहीर ज्याची त्याची, आणि पातळी दशकानुदशकं खाली जात राहिली. २०१३ मध्ये वायव्य कॅन्ससमधल्या शेरिडन काउंटीच्या एका पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून ठरवून उपसा २० टक्के कमी करण्याचा नियम राज्य सरकारकडून मंजूर करून घेतला. पहिल्या पाच वर्षांत त्यांनी त्याहून जास्त पाणी वाचवलं.