नाट्रोन आणि सोडा: जर्मनीत ढोकळ्यात काय घालायचं?

जर्मनीत खायचा सोडा हवा असेल तर ‘सोडा’ लिहिलेलं पाकीट उचलू नका. त्यात धुण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम कार्बोनेट. ढोकळ्यात किंवा छोले भिजवताना आपण जो चिमूटभर घालतो तो सोडियम बायकार्बोनेट, आणि त्याचं तिथलं नाव ‘नाट्रोन’. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते. दोन्ही पांढऱ्या पुड्या दिसायला सारख्या, आणि ‘सोडा’ हा शब्द इतका ओळखीचा की पाकीट उलटून वाचावंसंही वाटत नाही.

फरक मात्र मोठा आहे. खायच्या सोड्याचं पाणी जेमतेम अल्कधर्मी असतं, पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा) 8 च्या जरा वर. धुण्याच्या सोड्याचा पीएच 11 च्या आसपास जातो. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे हे अंतर कागदावर वाटतं त्याहून कितीतरी जास्त आहे. धुण्याचा सोडा डोळ्यांत गेला तर जोरदार आग होते, आणि तोंडात गेला तर तोंडाला, घशाला इजा होऊ शकते.

‘लिंबू पिळून बघा, फसफसला की खायचा’ ही घरोघरी सांगितली जाणारी परीक्षा इथे उपयोगाची नाही. आम्ल पडलं की दोन्हींमधून कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो, म्हणून दोन्ही फसफसतात. हळद लाल होते का यावरही विसंबू नका: खायचा सोडा नीट विरघळला नाही तरी ढोकळ्यावर लाल ठिपके उठतात. चाखून तर मुळीच पाहू नका.

खात्री पाकिटावरच होते. धुण्याच्या सोड्यावर लाल किनारीच्या, टोकावर उभ्या चौकोनात उद्गारचिन्ह छापलेलं असतं आणि डोळ्यांना इजा होण्याचा इशारा असतो. खायच्या पाकिटावर तो चौकोन नसतो. किराणा दुकानात केकच्या सामानाजवळ हिरव्या पाकिटातलं ‘कायझर नाट्रोन’ सहज मिळतं, ते खायचंच. पण सफाईच्या फडताळावरही कधी कधी नाट्रोन दिसतं. रसायन तेच असलं तरी ते खाण्यासाठी म्हणून विकलेलं नसतं, तेव्हा स्वयंपाकाला ते नको.

कुणी विचारेल, पापडखारात कार्बोनेट असतं, मग ते कसं चालतं? कार्बोनेट अन्नात वापरायला परवानगी आहे. युरोपात ‘ई 500’ या एकाच क्रमांकाखाली कार्बोनेट आणि बायकार्बोनेट दोन्ही येतात. पण ते खाण्याच्या दर्जाचं असावं लागतं आणि अगदी मोजून घालावं लागतं. कपडे धुण्याच्या पाकिटाला यातलं काहीच लागू नाही.

सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेलात तर गोंधळ आणखी वाढतो. तिथे खायच्या सोड्याला ‘श्पाइजेझोडा’ म्हणतात. ‘श्पाइजे’ म्हणजे खाद्यपदार्थ, तो भाग दिसला तर निर्धास्त घ्या. ‘वाशझोडा’ असेल तर तो धुण्याचाच.

‘बाकपुल्फर’ म्हणजे बेकिंग पावडर. हिच्यात खायचा सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च एकत्र असतं. छोट्या पुड्यांत मिळते आणि एक पुडी साधारण 500 ग्रॅम मैद्याला पुरते. नाट्रोन मिळालंच नाही तर ढोकळ्याला ही चालते, मात्र सोड्याच्या तिप्पट घाला आणि लिंबू कमी करा.

चुकून धुण्याचा सोडा पोटात गेलाच तर उलटी करवू नका. वर येताना तो घसा पुन्हा भाजतो. तोंड धुवा, घोट घोट पाणी प्या आणि आपल्या राज्याच्या ‘गिफ्टनोटरूफ’ला, म्हणजे विषबाधेच्या मदतवाहिनीला, फोन करा. बर्लिनसाठी क्रमांक 030 19240. श्वासाला त्रास होत असेल तर थेट 112. पाकीट हाताशी ठेवा, नेमकं काय पोटात गेलं हे ते विचारतात.

चुकून आणलेलं पाकीट फेकायचं कारण नाही. त्यावर ठळक अक्षरात मराठीत ‘धुण्याचा’ लिहा आणि मसाल्यांपासून लांब ठेवा. करपलेलं स्टीलचं पातेलं त्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवलं की सकाळी सहज निघतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो खातो, आणि लोकर व रेशीम त्याने खराब होतात, तेव्हा पैठणी त्यापासून दूरच ठेवा.