सौराष्ट्र : भरतीने घडवलेले द्वीपकल्प

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेरावळला, भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरांचा. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेला वळून भावनगर गाठले, की उधाणाच्या दिवसांत हाच फरक दहा मीटरांवर जातो. तीन मजली इमारतीएवढे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. या किनाऱ्याचा बराचसा इतिहास मला या पाण्यातच दिसतो.

भावनगर ज्यावर वसले आहे ते खंभातचे आखात तोंडाशी रुंद आहे आणि आत जावे तसे ते अरुंद व उथळ होत जाते. अरबी समुद्रातून शिरलेल्या भरतीला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ती उंच चढते. पाणी ओसरते तेव्हा त्याला भयंकर ओढ असते. साबरमती, मही, नर्मदा यांनी आणलेला गाळ या ओढीने सतत घुसळला जातो, त्यामुळे वाळूचे दांडे जागा बदलत राहतात.

द्वीपकल्पाचा मोठा भाग आपल्या सह्याद्रीसारखाच बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आलेला. पण मुख्य भूमीशी त्याला जोडणारा पट्टा अगदी सखल, गाळाचा आणि खारट आहे. नळ सरोवर आणि भालचा प्रदेश याच पट्ट्यात येतात. एके काळी खंभात आणि कच्छ ही दोन्ही आखाते इथे एकमेकांना मिळत असावीत आणि सौराष्ट्र हे बेट असावे, असे भूवैज्ञानिकांचे अनुमान आहे.

याच भालमध्ये लोथल आहे. हडप्पा काळातल्या या गावाला लागून भाजक्या विटांनी बांधलेला, सुमारे २१५ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद हौद सापडला. उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी त्याला गोदी म्हटले: भरतीबरोबर जहाजे आत यायची आणि ओहोटीतही तरंगत राहायची. काही अभ्यासकांच्या मते तो गोड्या पाण्याचा तलाव होता. वाद मिटलेला नाही, पण इराणच्या आखाताकडच्या घडणीची एक मुद्रा लोथलला मिळाली आहे, त्यामुळे समुद्रापारच्या व्यापाराबद्दल शंका उरत नाही. आज समुद्र तिथून कित्येक किलोमीटर दूर गेला आहे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सौराष्ट्राचा उल्लेख येतो आणि समोरच्या भरूचच्या भरतीचे धडकी भरवणारे वर्णनही. परकी जहाजे परस्पर आत येत नसत. राजाने नेमलेले स्थानिक कोळी सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, मोठ्या होड्यांनी जहाज ओढत आणि भरती संपली की ठरलेल्या डोहात नांगर टाकायला लावत. पाण्याचे हे ज्ञान पिढीजात होते. पुढे खंभात बंदर गाळाने भरत गेले आणि व्यापार सुरतेकडे सरकला. जमिनीच्या बाजूने मात्र वाट मोकळीच होती. बडोद्याच्या गायकवाडांच्या फौजा खंडणीसाठी काठेवाडात, म्हणजे सौराष्ट्रात, मुलूखगिरीला उतरत. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल वॉकरच्या तहांनी खंडणीच्या रकमा ठरून गेल्या.

१९८३ पासून भावनगरच्या दक्षिणेला अलंगची जहाजतोडणीची किनारपट्टी याच भरतीवर जगते. जुने जहाज उधाणाची भरती साधून वेगाने थेट किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरले, की ते मऊ उताराच्या चिखलात कोरडे उभे राहते आणि कामगार गॅसकटर घेऊन पुढे सरसावतात. सुक्या गोदीचा खर्च इथे समुद्रच वाचवतो. पण चिखलात सांडलेले तेल आणि रंगातले जड धातू पुढच्या भरतीबरोबर आखातात पसरतात. जहाज पुनर्वापराचा कायदा २०१९ साली झाला. तरी तोडकाम भरतीच्या पट्ट्याबाहेर, पाणी न झिरपणाऱ्या फरशीवर नेल्याशिवाय हे विष थांबणार नाही, असे मला ठामपणे वाटते.