संपाच्या काळात काही शाळा सुरू का राहतात : अनुदान, तारीख आणि ‘कायम’ या शब्दाची पार्श्वभूमी

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारीही जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले. त्या आठवड्यात अनेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप होते, हायस्कूलचे काही वर्ग भरत होते आणि जवळचीच इंग्रजी माध्यमाची शाळा नेहमीच्या वेळेला सुरू होत होती. दहावीची परीक्षाही वेळापत्रकाप्रमाणे पार पडत होती. २० मार्चला संप मागे घेतला गेला, पण ज्यांनी शाळा उघड्या ठेवल्या त्यांच्यावर बसलेला ‘फुटीर’ हा शिक्का मात्र पुसला गेला नाही. हा शिक्का अन्यायाचा आहे. शाळा बंद राहणार की सुरू, हे बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्या धैर्यावर नव्हे, तर त्यांचा पगार कोठून येतो आणि कोणत्या तारखेपासून येतो यावर ठरते.

१९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, तेव्हा खाजगी माध्यमिक शाळा म्हणजे मुख्यत्वे अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार शासनाच्या अनुदानातून होणाऱ्या शाळा होत्या आणि त्यांतील शिक्षकांचे प्रश्न सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांशी सहज जुळत. पुढे विनाअनुदानित शाळांना परवानगी मिळू लागली, तसा हा एकजिनसीपणा विरत गेला. २००० पासून शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जाऊ लागली. अशा शिक्षकाला संपाचा एक दिवसही जड वाटतो, कारण त्याचे नियमित वेतनश्रेणीत जाणे अजून व्हायचे असते.

खरी गुंतागुंत ‘कायम विनाअनुदानित’ या शब्दप्रयोगाने केली. २००१ नंतर शाळांना परवानगी देताना ‘कायम विनाअनुदान तत्त्वावर’ अशी अट घातली जाऊ लागली. ही शाळा कधीही अनुदान मागणार नाही, असा तिचा अर्थ होता. संस्थेने हमीपत्र दिले, पण त्या हमीचा भार तेथे रुजू झालेल्या शिक्षकांनी वाहिला. डी.एड., बी.एड. झालेली माणसे वर्षानुवर्षे नाममात्र मोबदल्यात किंवा बिनपगारी, आज ना उद्या शाळा अनुदानावर येईल या आशेने शिकवत राहिली. २००९ मध्ये इंग्रजी माध्यम वगळून इतर शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द शासन निर्णयाने वगळण्यात आला. एक शब्द गेला म्हणजे अनुदान आले, असा समज तेव्हा पसरला होता, पण तसे झाले नाही. मागे मूल्यांकन, पात्रता याद्या, त्रुटींची पूर्तता अशी रांग लागली आणि २०१६ मध्ये २० टक्के अनुदानाचा पहिला टप्पा मिळू लागला. पुढचे टप्पेही असेच तुकड्यातुकड्यांनी आले. त्यामुळे ‘अंशतः अनुदानित’ नावाचा एक मधला वर्ग तयार झाला. कित्येकदा एकाच इमारतीत ‘अ’ तुकडी शंभर टक्के अनुदानित आणि ‘क’ तुकडी टप्प्यावर किंवा विनाअनुदानित अशी स्थिती असते. संपाच्या दिवशी ‘अ’ तुकडी रिकामी आणि ‘क’ तुकडीचा वर्ग भरलेला दिसतो, त्याचे कारण हे आहे.

या टप्प्यांचा पेन्शनशी थेट संबंध आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांऐवजी, म्हणजे जुन्या पेन्शनऐवजी, पगारातून वर्गणी कापून घेणारी अंशदान योजना लागू झाली. ज्यांची नियुक्ती त्या तारखेपूर्वीची, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर आली ती नंतर, अशा शिक्षकांसाठी कोणती तारीख धरायची? शासनाने अनुदानाची तारीख धरली. शिक्षकांचे म्हणणे होते की, वैयक्तिक मान्यता (शिक्षण विभागाने त्या शिक्षकाच्या नेमणुकीला दिलेली मंजुरी) आधीची आहे, सेवापुस्तिका आधीची आहे आणि अनुदानाला झालेला उशीर हा त्यांचा दोष नाही. हा वाद न्यायालयात गेला आणि तेथेही सोपा ठरला नाही. माझ्या मते येथे शासनाने सेवेपेक्षा अनुदानाच्या कागदाला अधिक वजन दिले. या शिक्षकांचा जुन्या पेन्शनवरील दावा इतर कोणाहून कमी नव्हता, तरीही त्यांच्यापैकी अनेकांना संपात उतरताना हातातला टप्पाही अडकेल अशी भीती वाटली.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा प्रश्न याहून सरळ आहे. २०१२ च्या कायद्याखालील या शाळांचा पगार शासन देत नाही, तेथील शिक्षकांना राज्याची जुनी पेन्शन कधीच नव्हती, त्यामुळे त्या मागणीसाठी शाळा बंद ठेवण्याचे कारणही त्यांच्याकडे नव्हते. जिल्हा परिषद शाळांमध्ये कारण संघटनात्मक होते. २०२३ चा संप सुरू होण्याच्या सुमारास प्राथमिक शिक्षकांच्या एका संघटनेने माघार घेतली, आणि शिक्षक कोणत्या संघटनेचा सभासद आहे यावर शेजारशेजारच्या दोन शाळांचे चित्र वेगळे झाले.

जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देण्याचे ठरवले. त्यामुळे नियुक्ती आणि अनुदान यांच्या जोडीला जाहिरात ही तिसरी तारीख आली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला प्राथमिक शिक्षकांनी कमी पटाच्या शाळांतील कंत्राटी नेमणुकांविरुद्ध संप न म्हणता सामूहिक रजा घेतली. ८ आणि ९ जुलै २०२५ रोजी तर चित्र पालटले. टप्पा अनुदानाच्या वाढीव निधीसाठी या वेळी अंशतः अनुदानित शिक्षक आझाद मैदानावर होते, आणि आपला वर्ग चालू ठेवायचा की त्यांच्यासाठी बंद करायचा, हा निर्णय पूर्ण पगार मिळणाऱ्या शिक्षकांना घ्यायचा होता.